नात्यातला ड्रायव्हर

राजूरच्या कचरूअण्णांना लेकीसाठी आलेल्या नात्यातल्या स्थळांचे फोटो मोठ्या स्क्रीनवर बघायचे होते. त्याच लेकीने, तृप्तीने, जुन्या लॅपटॉपवर हौसेने फ्रीबीएसडी नावाची फुकटची सिस्टीम टाकली होती, पण स्क्रीनवर चित्र उमटवणारा ग्राफिक्स ड्रायव्हर काही बसत नव्हता. स्क्रीनवर नुसत्या रेघा नाचत होत्या.

"हिच्या बहिणीचा, ओपनबीएसडीचा ड्रायव्हर लावून पाहते," ती म्हणाली.

"लाव की! नात्यातलं हाय म्हणल्यावर बराबर जमतं," अण्णा खुशीत म्हणाले.

बिलकुल जमलं नाही. स्क्रीन काळी झाली, आतला पंखा तेवढा भणभणत राहिला. शेवटी तृप्तीने ऑफिसातल्या स्वानंदला जालन्याला फोन लावला. बोलता बोलता ती उगाचच हसत होती. त्याने लिनक्स नावाच्या दुसऱ्याच सिस्टीमवरून घेतलेला ड्रायव्हर टाकायला सांगितला आणि स्क्रीन लख्ख उजळली.

"हे लिनक्स हिच्या नात्यातलं हाय का?" अण्णांनी विचारलं.

"न्हाई अण्णा. घराणंच येगळं."

"असू दे. चालून राह्यलंय ना!" म्हणत अण्णांनी पहिला फोटो उघडला. "हा भोकरदनच्या ताराक्काच्या दिराचा पोरगा. नात्यातलाच हाय."

बाजूला शेंगा फोडत बसलेल्या तृप्तीच्या आईने, नंदाबाईंनी, मान वर केली.



"आवो, नात्यातलं किती जमतं ते आत्ताच बघितलं की तुम्ही. तृप्ती, आता त्या जालन्याच्या पोराचा फोटो लाव."