पट्टीची सिरिंज
“कडेची अक्षरं दिसतायत. मधे नुसता काळा डाग,” टेलरमास्तर म्हणाले.

डॉक्टरांनी त्यांचा उजवा डोळा पुन्हा तपासला. मोतिबिंदूचं ऑपरेशन म्हणजे डॉक्टरांच्या डाव्या हातचा मळ, पण या डोळ्याचा पडदा मधोमध जळाला होता. तो आता सुधारणार नव्हता. डाव्या डोळ्यातही मोतिबिंदू पिकत आला होता. तोही गेला, तर मास्तरांची शिवण कायमची बंद होणार होती.

“काकू, औषध चुकून आत गेलं,” डॉक्टर मास्तरांच्या बायकोला म्हणाले. “दोन सिरिंजा असतात. एकीत साधं सलाईन, ते डोळ्याच्या आत सोडायचं. दुसरीत अँटिबायोटिक, ते बाहेरच्या बाहेर टोचायचं. ओळखायला दुसरीवर चिकटपट्टी लावतात. सिस्टर ती लावायला विसरली. माझी नजर दुर्बिणीत असते, ही हातात देईल ते मी घेतो.”

दाराशी उभ्या सिस्टरने मान खाली घातली. तिच्या घरात मिळवती ती एकटीच, आणि आज नोकरी जाणार हे तिला कळून चुकलं होतं. तरी ती तोंडातून ब्र काढत नव्हती.

“हे मास्तरांना कसं सांगायचं?” डॉक्टरांनी विचारलं.

“ओरडून,” काकू म्हणाल्या. “कानातलं मशीन ऑपरेशनला काढून ठेवायला लावलंत, तेव्हापासून माझ्या पर्समध्येच पडलंय. तसं कपबशी वाजली की यांना बरोबर ऐकू येतं म्हणा. सोयीचं बहिरेपण.”

डॉक्टर सकाळपासून पहिल्यांदा हसले. मग आवाज उतरवून म्हणाले, “डावा डोळा मी जातीने करीन. सिस्टर नवी घेऊ.”

“सिस्टर हीच पाहिजे,” मास्तर म्हणाले.

काकू चपापल्या. “अहो, हिनेच तर तुमचा डोळा घालवला.”

सिस्टरचे डोळे भरून आले. डॉक्टरांनी मास्तरांच्या खांद्यावर हात ठेवला आणि त्यांच्या कानाशी मोठ्याने म्हणाले, “मन मोठं आहे तुमचं, मास्तर.”

“हळू बोला,” मास्तर म्हणाले. “‘सर, पट्टीवाली उचललीत तुम्ही,’ असं ही त्या दिवशी किती हळू म्हणाली होती. आणि तुम्ही त्याहून हळू म्हणालात, ‘मला शिकवू नकोस.’”