तिसऱ्या दिवसाचा रेझर

माझ्याकडे तीन रेझर आणि तीन ब्रश आहेत. ब्रश नीट वाळावेत म्हणून पाळीपाळीनं वापरतो. बायको म्हणते, "तीन सवती बऱ्या नांदवतोस." तिसरा जोड माझ्या बाबांचा. ते गेल्यावर नवं ब्लेड घालून मीच वापरायला काढला.

आज तो हातात घेतला, तर लेक दारात येऊन उभी राहिली.

"आजोबांचा रेझर नको ना घेऊस."

"का गं?"

"त्या दिवशी तू मला ठकू म्हणतोस. आणि नदीवर चल, पोहायला शिकवतो, म्हणून मागे लागतोस."



ठकू माझी थोरली बहीण. नदीत बाबांच्या हातून निसटली, तेव्हापासून तिचं नाव आमच्या घरात कुणीच घेत नाही.