मेच्या सुट्टीची सोय

"जेवलीस का गं?" पूजाने ऑफिसातून विचारलं.

"जेवले. आजी पण जेवली."

"दे बरं तिला फोन."

"झोपलीय. तू कर तुझं काम," ब्राह्मी म्हणाली.

पूजाने निश्चिंत मनाने फाईल उघडली. मे महिन्यात विश्रामबागच्या त्या ऑफिसात प्रत्येक आईचा अर्धा जीव घरी असायचा. पूजाचं बरं होतं. नऊ वर्षांच्या ब्राह्मीला सांभाळायला गावाहून सासूबाई, प्रभावतीबाई आल्या होत्या. नवरा भरतेश नागपूरला नोकरीला, आणि हिची रजा संपलेली. "आई आल्या नसत्या तर नोकरीच सोडावी लागली असती," असं ती पहिल्याच आठवड्यात मैत्रिणीला फोनवर म्हणाली होती. ब्राह्मी तेव्हा शेजारीच चित्र रंगवत बसली होती.

पूजा सकाळी दोन्ही वेळचं रांधून बाहेर पडायची आणि साडेसातला परतायची. प्रभावतीबाई दिवस मावळायच्या आत जेवणाऱ्या. ती येईपर्यंत त्या माळ घेऊन पलंगावर बसलेल्या असत. जपात कुणी बोलायचं नाही, हा घरचा शिरस्ता. पूजा दुरूनच हात जोडी. खरं सांगायचं तर तिला ते सोयीचंच वाटे, सासूशी गप्पा मारायचं त्राण कुणात होतं? रविवार धुण्यात न् दळणात जायचा.

पोरगी मात्र सुट्टीत भलतीच शहाणी झाली. गॅस आठवणीने बंद करायची. दाराला आतून कुलूप लावून किल्ली गळ्यात अडकवायची. खाली खेळायला जाणंही तिने सोडलं. "आजीचं वळण," पूजा सगळ्यांना कौतुकाने सांगे.

शाळा उघडायच्या आदल्या दिवशी ती साहेबांना विनवून लवकर निघाली. दुसऱ्या दिवशी सासूबाईंना एसटीत बसवून द्यायचं होतं. वाटेत त्यांच्यासाठी सुती साडी घेतली.

घरी ब्राह्मी आजीची वेणी घालत होती. आईला बघून दचकली.

"आई, आजीचा जप चाललाय."

"माळ तर खुंटीला आहे. जा, दूध घेऊन ये."

"आजीला एकटीला नको ना पाठवू. मी जाते सोबत."

"आणि शाळा?"

ब्राह्मी दाराशी घुटमळली, मग गेली.

पूजा सासूबाईंच्या पायाशी बसली. तिने साडी त्यांच्या मांडीवर ठेवली.

"चुकलंच माझं, आई. सुट्टीभर तुम्ही माझी पोर सांभाळलीत, आणि मी तुमच्याजवळ घटकाभर बसले नाही."

प्रभावतीबाई साडीवरून हात फिरवत हसल्या.

"आवं, वाईट कशाला वाटून घेता? मला हितं काय बी कमी न्हाई. ती पोरगी येळेवर जेवाय घालती, गोळी देती. तुमी यायच्या येळंला माळ देऊन गप बसवती. लय गुणाची हाय." दाराकडे बघून त्यांनी आवाज बारीक केला. "पर बाई, एवढ्याशा पोरीला कुणी लावलंय कामाला? तिला आई न्हाई व्हय?"