दुसरी बाटली

मेलबर्नच्या त्या फॅशन शोला तासभरच उरला होता. रंगभूषा करणाऱ्या टेगनने आपले सगळे डबे उलथेपालथे केले आणि शेवटी हात टेकले.

“अकूर, तुझ्या रंगाचं फाउंडेशनच नाही गं माझ्याकडे. दोन मिसळून बघू?”

“नको बाई! मागच्या शोला असंच मिसळलं होतं, तर रॅम्पवर मी राख फासल्यासारखी दिसत होते. आईने फोटो पाहून विचारलं, ताप होता का तुला?” अकूर हसली आणि तिने आपली पिशवी पुढे केली. “माझं मी आणलंय.”

पिशवीत एकाच रंगाच्या दोन बाटल्या होत्या. टेगनने सील न फोडलेली उचलली.

“ती नको. ती दुसरीसाठी आहे.”

“दुसरी कोण?” टेगनने खोलीभर नजर फिरवली. आरशांपुढे बसलेल्या बाकी सगळ्या मुली गोऱ्या होत्या.

“जी येईल ती. या वेळी माझी मावसबहीण न्यीबोल येईल असं वाटलं होतं. पण निवडीच्या वेळी तिला सांगितलं, तुमच्या रंगाची एक आधीच घेतलीय आम्ही.”

बाटली उलटी करून टेगनने तळावरचा छाप वाचला.

“अगं, हिची तर मुदत संपलीय.”

“मग फेक,” अकूर आरशात बघत म्हणाली. “उद्या नवी घेते. न उघडता फेकलेली ही तिसरी.”