उपाशीपोटी

“गोळ्या रोज घेताय ना, काकू?” डॉक्टर जोहरांनी रिपोर्टवरची नजर न काढता विचारलं.

“एक चुकवली नाय,” यमुनाबाई घोगऱ्या आवाजात म्हणाल्या. “मुलगा रोज फोन करून विचारतो ना.”

डॉक्टर बुचकळ्यात पडल्या. गळ्यातली थायरॉइडची ग्रंथी सुस्तावली आहे, हे त्यांनीच तीन महिन्यांपूर्वी ओळखलं होतं. गोळ्याही त्यांनीच सुरू केल्या होत्या. आतापर्यंत रिपोर्टातला आकडा खाली यायला हवा होता, पण तो मेला जागचा हलला नव्हता. बाहेर मुकुंदवाडीत एप्रिलचं ऊन रस्त्यावर पाय ठरू देत नव्हतं, आणि यमुनाबाई कूलरपासून लांबची खुर्ची धरून शाल पांघरून बसल्या होत्या. चेहरा सुजलेला, पापण्या जड.

नवरा गेल्यापासून, म्हणजे गेली दीड वर्षं, हे असंच चाललं होतं. भजनी मंडळातल्या बायकांनी आधी ते दुःख म्हणून सोडून दिलं, मग आळस म्हणून नावं ठेवली. आवाज बसला तेव्हा बोलावणंही बंद झालं. दोन वाक्यांनंतर पेंगणाऱ्या बाईशी गप्पा तरी कोण मारणार? मुलाला, केयूरला, तो घोगरा आवाज ऐकून बंगळुरात वाटलं की नेटवर्क खराब आहे.

पण केयूरबद्दल कुणी ब्र काढलेला यमुनाबाईंना चालत नसे. गल्लीतल्या बाकीच्यांची मुलं रविवारी फोन करत. केयूर रोज करायचा, सकाळी नऊच्या ठोक्याला, ऑफिसला जाताना गाडी चालवता चालवता. “गोळी घेतली का?” हे विचारल्याशिवाय फोन ठेवत नव्हता. त्या एका फोनवर त्यांचा अख्खा दिवस उभा होता. फोनवर तोंड दिसत नाही हे माहीत असूनही त्या आधी केस विंचरून बसत.

“डोस वाढवावा लागेल,” डॉक्टर म्हणाल्या. “आधीची बाटली संपत आली असेल.”

यमुनाबाईंनी पिशवीतून बाटली काढून टेबलावर ठेवली. डॉक्टरांनी झाकण उघडलं. गोळ्या जवळजवळ गळ्यापर्यंत होत्या.

“काकू, शंभरातल्या दहा-पंधराच गेल्यात.”

“मग जाणार कशा? तुम्हीच म्हणला होता, उपाशीपोटी घ्यायची.” डॉक्टरच विसरल्या याची यमुनाबाईंना गंमत वाटली. “संकष्टीला घेते. दोन्ही एकादशांना घेते. बरं वाटंना म्हणून या महिन्यात गुरुवारबी धरला. आता याच्याहून जास्त उपास माझ्यानं व्हायचे नाय.”

डॉक्टरांना आलेलं हसू त्यांनी तिथंच गिळलं. खुर्ची जवळ ओढली.

“उपासाच्या दिवशी नाही, काकू. रोज. सकाळी उठल्यावर पोट रिकामं असतं ना, तेच उपाशीपोट. पाण्याबरोबर गोळी घ्यायची, मग पाऊण तास चहा नाही. या ग्रंथीनं तुमच्या अंगातल्या शेगडीचा गॅस बारीक करून ठेवलाय. गोळी तो पुन्हा मोठा करते, पण रोज घेतली तरच. ही थंडी, ही सूज, हा आवाज, ही झोप, सगळं त्याच्यामुळं. तुम्ही आळशी नाही.”

यमुनाबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. हे वाक्य दीड वर्षात कुणीच म्हणालं नव्हतं. म्हणायला घरात होतं तरी कोण?

“पण मुलगा रोज विचारतो म्हणालात,” डॉक्टरांनी विचारलं. “त्याच्या कसं लक्षात आलं नाही?”

“त्याला माहीत हाय की. रोजच सांगते मी, आज उपास नाय म्हणून नाय घे...”

वाक्य अर्ध्यावर राहिलं. तीन महिने त्या हेच सांगत आल्या होत्या आणि केयूरनं एकदाही हटकलं नव्हतं. शिकलेला मुलगा हटकत नाही म्हणजे आपलं बरोबरच असणार, असं त्या धरून चालल्या होत्या. त्याला ते ऐकूच गेलं नसेल, हे त्यांच्या मनातही आलं नव्हतं.

त्यांनी शाल सारखी केली. “नाय, सांगितलं नसंल मी कधी,” त्या म्हणाल्या. “त्याची काय चूक.”

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला त्यांनी पाण्याबरोबर गोळी घेतली. पाऊण तास घड्याळाकडे बघत बसल्या, मग चहा केला. एक कप. नऊ वाजायच्या आत केस विंचरले.

फोन आला. पलीकडे हॉर्न वाजत होते.

“आई, गोळी घेतली का?”

घेतली, एवढंच म्हणायचं होतं. ते खरंही होतं. एकुलता एक फोन, तो होता तसाच राहिला असता. पण कालपासून त्यांच्या जिवाला चैन नव्हतं. त्यांनी घसा खाकरला आणि आवाज होईल तितका साफ करून, एकेक शब्द सुटा सुटा उच्चारला.

“नाय रे. आज उपास नाय, म्हणून नाय घेतली.”

आणि फोन कानाशी घट्ट धरून त्या थांबल्या.

“छान,” केयूर म्हणाला. “अशीच रोज घेत जा.”