गच्चीवरचं धुवण

"मच्छिंद्रदादा, फिल्टरचं पानी मोरीत सोडलं ना आज? जिन्यात आवाज आला मला," झुंबरबाई बंद दाराला म्हणाली.

दार उघडलं. मच्छिंद्र भापकर एसटीतून निवृत्त झालेले आणि इमारतीच्या सोसायटीचे अध्यक्ष. गच्चीवर शेती नको, स्लॅब गळेल, हे सभेत त्यांनीच ठणकावलं होतं.

"विसरलो ओ," ते म्हणाले.

"विसरा. भरताची वांगी मागाया येताल, तवा मी बी विसरते."

कॉलेजात शिकवायला निघालेली तिची मुलगी सुकन्या जिन्यात थांबून हसली. आई रोज सकाळी बादली घेऊन दारोदार जायची. तांदूळ-डाळीचं धुवण, भाज्या धुतलेलं पाणी, फिल्टरमधून वाया जाणारं पाणी, सगळं गोळा करून गच्चीवर न्यायची. नगरच्या सावेडीतल्या या इमारतीला उन्हाळ्यात टँकर लागायचा. पिण्याच्या पाण्याचा थेंब तिनं कधी झाडांना घातला नाही. रंगाच्या रिकाम्या डब्यांत वांगी, मेथी आणि मिरच्या होत्या. फुटक्या टबात अळू. प्रत्येक डब्यात ती आधी बोट खुपसायची. "ओल हाय अजून," म्हणायची आणि पुढच्या डब्याकडं वळायची.

वडील गेल्यावर सुकन्यानं तिला पाथर्डीकडच्या गावातून इथं आणलं. गावात अंगण होतं, बांधावर बोलायला बाया होत्या. इथं तुला करमतं का, हे सुकन्यानं कधी विचारलं नाही. 'न्हाई' असं उत्तर आलं असतं तर पुढं काय करायचं, ते तिला ठाऊक नव्हतं.

त्या रात्री भरीत-भाकरी झाली. सकाळी झुंबरबाई उठली नाही.

सगळं गावी केलं. दहाव्याला चुलती आक्काबाई नदीवर सगळ्यांच्या पुढ्यात म्हणाली, "खुराड्यात नेऊन ठिवलीस तिला. मानसाबिगर झुरून गेली बाई."

 

तेरावा उरकून सुकन्या नगरला परतली. वैशाखाच्या उन्हात गच्चीवर आता काडी उरली नसेल. डबे भंगारवाल्याला द्यायचे आणि गच्ची मोकळी करायची, असं ठरवूनच ती पहाटे वर गेली. दार ढकललं आणि तिचा पाय सटकला.

गच्चीभर पाणी होतं. टाकी वाहिली असेल म्हणून तिनं वर पाहिलं, तर टाकी कोरडी. डबे मात्र काठोकाठ भरलेले. वांग्यांची पानं पिवळी पडून गळाली होती, मेथी कुजली होती, मिरच्या माना टाकून उभ्या होत्या. एक अळू तेवढं माजलं होतं.

मागं दार वाजलं. खालच्या मजल्यावरच्या छबूबाई कळशी घेऊन आल्या.

"तू आलीस व्हय? मी म्हनलं, झाडं उपाशी नको राहायला. म्हनून सकाळ-संध्याकाळ घालते."

त्यांच्या मागोमाग शेजारची नवी सून ज्ञानेश्वरी पातेलं घेऊन आली. छबूबाईंना बघून ती दारातच थांबली. "काकू, तुम्ही पण? मला वाटलं, मी एकटीच घालतेय."

शेवटी मच्छिंद्र भापकर आले. दोन्ही काखांत पाण्याच्या बाटल्या. समोर बायका बघून त्यांना बाटल्या लपवायच्या होत्या, पण जागा नव्हती.

"अध्यक्ष, स्लॅब गळंल ना," छबूबाई म्हणाल्या.

"गळू द्या. माझ्याच घरात गळतोय." मग ते कुजलेल्या मेथीकडं बघत राहिले. "हे आपन केलं व्हय?"

 छबूबाईंनी कळशी खाली ठेवली.

"अख्खा जलम दुष्काळात काढला बिचारीनं," त्या म्हणाल्या, "आन् तिची झाडं आपन पान्यात बुडवून मारली."

आधी ज्ञानेश्वरीला हसू फुटलं. ते तिनं पदरात दाबलं, पण मग मच्छिंद्र भापकरच खो खो हसायला लागले. सुकन्या ओल्या गच्चीवर तशीच बसली. तेराव्यापर्यंत ती रडली नव्हती. आता ती हसत होती आणि डोळे वाहत होते. छबूबाई शेजारी टेकल्या आणि तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या. कुणी खाली जायचं नाव काढेना.

सुकन्यानं त्या तिघांकडं पाहिलं. मग सगळ्यांच्या देखत, आई पलीकडं मेथी निवडत बसली असावी अशा आवाजात, ती म्हणाली, "आई, करमलं गं तुला इथं."