मराठीतला आठ

आजच्या यादीतले दोनशे बारा अर्ज स्क्रीनवर एकदम लाल झाले. पाणी खात्याचे गंगाधर साहेब खुर्चीतून उठले.

"दोन वर्षं एक एरर नव्हता. काय केलंस?"

"फंक्शनला फक्त आकडाच घ्यायला सांगितलं, सर," संघप्रिया म्हणाली. खात्याचं सॉफ्टवेअर ती सांभाळायची. "पीएचपीला, म्हणजे आपल्या संगणकभाषेला, मराठी अंक अक्षरं वाटतात. जुना कोड त्यांचा गुपचूप शून्य करायचा. नवा अडवतो."

अर्जात प्रश्न एकच होता. किती दिवसांपासून पाणी नाही? शून्य म्हणजे पाणी आहे. पाणी आहे, म्हणजे टँकर नाही. अर्ज मराठी अंकांतच भरावा, हे परिपत्रक साहेबांचं. भाषा दिनी त्यासाठी त्यांचा सत्कार झाला होता. सोलापूर तेव्हापासून कागदावर टँकरमुक्त होतं.

खिडकीपाशी भवानी पेठेतल्या बसम्मा तिसऱ्यांदा आल्या होत्या.

"आठ दिस झालं की, सायेब. टँकर कुटं हाय?"

"कॉम्प्युटरमध्ये तुमच्याकडं पाणी आहे, मावशी."

"मग कॉम्प्युटरातनंच भरून द्या की."

संघप्रिया हळूच म्हणाली, "मराठी अंक बदलून घेणारी कोडची ओळ तयार आहे, सर. लावू?"

"वेडी आहेस? आज बारा वाजता टँकरमुक्तीच्या पुरस्काराची समिती येतेय. जुनं लाव."

तिने जुनं लावलं. लाल गेलं. दोनशे बारा शून्यं हिरवी झाली.

तेवढ्यात साहेबांचा फोन वाजला. त्यांच्या पत्नी शकुंतलाबाईंचा आवाज खिडकीपर्यंत आला. "अहो, चार दिवस झाले, टाकी ठणठणीत! पाच वाजता आपल्या उर्वीच्या साखरपुड्याला पन्नास माणसं येतायत. टँकर कुठाय?"

अर्ज साहेबांनी आज सकाळी स्वतः भरला होता. सुवाच्य मराठीत. संघप्रियाने तो उघडला.

"तुमच्याकडं पाणी आहे, सर."

साहेबांनी घड्याळ पाहिलं. जिन्यात समितीचे बूट वाजत होते.

"ती ओळ लाव," ते म्हणाले. "लगेच."

शून्यं गेली, खरे दिवस उमटले. जास्त दिवसांचा अर्ज आधी, असा नियम होता. पहिल्या पाचात बसम्मांचे आठ. साहेबांचे चार सगळ्यांत खाली, दोनशे बारावे.

बसम्मांनी खिडकीतून वाकून यादी पाहिली.

"लई लांब हाय की तुमचा नंबर, सायेब. तवर आमच्या टँकरवर या. दोन घागरी न्या पोरीसाटी."